ओळखल्याशिवाय मुखवटा काढायचा नाही

हॅलिफॅक्स, २८ ऑगस्ट

श्रीमती आकोफा अमूझू,

तू माझ्या घरात पोचली असशील. मी तुला पहिल्यापासूनच ‘तू’ म्हणणार आहे. मी बहात्तर वर्षांची आहे आणि घर माझं आहे.

दाराची किल्ली शोधू नकोस, किल्ली नाहीच. न्हाणीतला नळ आधी खोकतो, मग पाणी देतो. आग्नेयेकडून डोंगरावरचा वारा सुटतो, त्याला आम्ही सुएत म्हणतो. रेडिओने सुएत सांगितला की गाडीचं दार वाऱ्याच्या बाजूने उघडायचं नाही. आमच्या पाद्रीबाबांचं दार एकदा दफनभूमीत सापडलं होतं. खिडकीजवळची लाकडी चौकट माझी गालिचा विणायची आहे. तिच्यावर कपडे वाळत घालू नकोस.

मला फोन करू नकोस. मला ऐकू येत नाही. फोन माझी मुलगी घेते आणि निरोप मला ओरडून सांगते, तोही इंग्रजीत. पत्र लिही. माझं कंबरेचं हाड बसलं की मी परत येणार आहे. तोवर घर तुझं.

शाळेचं शाळा सांगेल. मी एवढंच सांगते. आमच्या फ्रेंच शाळेच्या वरच्या वर्गाला दोन वर्षं शिक्षक मिळाला नव्हता. मुलं बसने डोंगरापलीकडच्या इंग्रजी शाळेत जायला लागली. तिकडे गेलेलं मूल घरी परत येतं ते जेवायला. बोलायला येत नाही. टोगोहून तू आलीस म्हणून वर्ग उघडला. तू गेलीस तर तो मिटेल, आणि या वेळी कायमचा. हे तुला ठाऊक असलेलं बरं.

लोक पहिल्यांदा विचारतील, “कुणाची तू?” रागावू नकोस. आमच्या बेल-आन्स गावात निम्मे ओक्वँ आहेत आणि उरलेले शियासों, त्यामुळे आडनावाचा काही उपयोग नाही. समोर राहतो तो पोलितच्या लूकचा प्लासीद. लॉबस्टर धरतो आणि शाळेच्या समितीचा अध्यक्ष आहे. बापाचं आणि आजाचं नाव जोडल्याशिवाय इथे माणूस पुरा होत नाही.

देलिमा ओक्वँ


बेल-आन्स, १८ सप्टेंबर

आदरणीय देलिमाबाई,

पत्र मिळालं. नळाचा खोकला आता सवयीचा झाला आहे. चौकटीला मी हात लावलेला नाही.

सगळं ठीक आहे. मुलं चांगली आहेत. वर्गात फ्रेंच बोलतात, मैदानात इंग्रजी. पहिल्या आठवड्यात मी त्यांना गप्प करत होते तेव्हा प्लासीद यांची लुसेत म्हणाली, “बाई, एवढ्या हळू ओरडलात तर आमच्या घरचं मांजरसुद्धा कान हलवायचं नाही,” आणि तिने मांडीवर थाप मारली. मला हसू आवरलं नाही. तेव्हापासून मी ओरडत नाही.

सहकारी दुकानात गेले होते. गल्ल्यावरच्या आन्सेल्म यांनी तुम्ही सांगितलेला प्रश्न विचारला. मी म्हटलं, “महोदय, मी कोजो अमूझू यांची कन्या, क्पालिमे गावची.” ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, पिशवी हवी का. तेव्हापासून आमचं इंग्रजीतच चालतं.

मला ते लगेच समजलं. आमच्याकडेही असंच आहे. घरी एव्हे, शाळेत आणि कचेरीत फ्रेंच. बाजारात फ्रेंच बोलत भाजी घ्यायला गेलं तर बायका भाव वाढवतात. म्हणतात, साहेबीण आली. तेव्हा इथे शाळेत फ्रेंच आणि चुलीपाशी, दुकानात इंग्रजी, अशी रीत दिसते. लोकांच्या अंगणात शाळेची भाषा घेऊन शिरू नये, एवढं मला कळतं. म्हणून मी रेडिओवरून इंग्रजी शिकते आहे. काल बसवाल्या झेलीबाईंना हवामानाबद्दल पूर्ण वाक्य बोलून दाखवलं.

माझी सेनाम नऊ वर्षांची आहे. क्पालिमेला माझ्या आईपाशी असते. तिचे वडील गेल्यानंतर ती आणि मी इतकं लांब कधी राहिलो नव्हतो. नोकरीचं नक्की झालं की उन्हाळ्यात तिला आणीन.

आकोफा


बेल-आन्स, २० नोव्हेंबर

देलिमामावशी,

हे पत्र मोठ्याने वाच. डोळ्यांनी वाचशील तर कळायचं नाही. मला लिहायला शिकवलं ते इंग्रजीत, आणि हे फ्रेंच मी कानाने लिहितोय. तुझं लाल पेन लांब ठेव.

तुझ्या मास्तरीणबाई चांगल्या आहेत. लुसेत घरी येऊन बडबड बडबड करते, आणि फ्रेंचमध्ये करते. पण बाई आमच्याशी इंग्रजीच बोलतात. सुरुवातीला आन्सेल्मशी फ्रेंच बोलल्या. काय फ्रेंच मावशी! बिशप साहेब बोलतात तशी. आन्सेल्म सांगतो, मला वाटलं आता टोपी काढावी. त्याला तोंड उघडायला लाज वाटली, तो इंग्रजीत घुसला. तिथून बाई पण इंग्रजीत. त्यांची इंग्रजी म्हणजे बर्फावरची गाय, पण सोडत नाहीत. झेली म्हणते आमची बोली त्यांना घाण वाटते, कानाला लावून घ्यायची नाही म्हणून त्या इंग्रजी बोलतात. मी म्हटलं तसं नसेल. पण मग कसं असेल?

समितीची बैठक झाली. फ्रेंच शाळेची बैठक, आणि आम्ही सगळे त्यांच्यासमोर इंग्रजी बोलत बसलो, बंदरावर कुणी पाहुणा आल्यासारखे. बाहेर पडल्यावर गाडीपाशी सगळ्यांची तोंडं उघडली. मला माझीच लाज वाटली.

आणि ऐक. मोंक्टनच्या मोठ्या शाळेने त्यांना बोलावलंय म्हणे. शहर आहे, तिकडे त्यांच्यासारखं बोलणारे खूप. गेल्या तर वर्ग गेला. लुसेतला मी डोंगरापलीकडच्या बसमध्ये चढवणार नाही असं म्हणतो खरा, पण मग काय करणार?

तू काहीतरी लिही. तू लिहिलंस की लोक ऐकतात.

प्लासीद


हॅलिफॅक्स, २ डिसेंबर

प्रिय आकोफा,

बर्फ पडायच्या आत दाराशी वाळू ठेव. आणि आन्सेल्मशी फ्रेंच बोल. तो लाल झाला तरी बोल.

देलिमा


बेल-आन्स, १४ जानेवारी

आदरणीय देलिमाबाई,

तुमचं ऐकलं. दुकानात गेले आणि फ्रेंचमध्ये लोणी मागितलं. आन्सेल्म लाल झाले, मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी बायकोला पाठवलं. तिने इंग्रजीत विचारलं, मिठाचं की बिनमिठाचं. कुणाला असं अडचणीत टाकायला मला आवडत नाही. पुन्हा तो प्रयोग करणार नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी दारावर कुणीतरी थाप मारली. उघडलं तर पायरीवर मांसाची पाई, ऊन ऊन, फडक्यात गुंडाळलेली. माणूस नाही. थोड्या वेळाने पुन्हा थाप, पुन्हा पाई. संध्याकाळपर्यंत टेबल भरून गेलं. एकही जण आत आला नाही. मी खिडकीतून बघितलं. झेलीबाई कुंपणाआड वाकून, चोरासारख्या पळत होत्या. देलिमाबाई, आमच्याकडे ज्याला घरात घ्यायचं नसतं त्याला अन्न देत नाहीत, आणि ज्याला अन्न देतात त्याच्या शेजारी बसतात. इथलं मला कळत नाही. मी एकटी बसून जेवले. पाई फार चांगल्या होत्या.

तुमच्यापासून लपवून ठेवलं होतं, आता सांगते. मोंक्टनच्या एका शाळेने मला विचारलं आहे. मार्चअखेर उत्तर द्यायचं आहे. पैशासाठी मी जाणार नाही. पण सेनामला मी जिथे नेईन तिथे ती पुढची दहा वर्षं वाढणार आहे. तिला इंग्रजी येत नाही. शाळेच्या घंटेनंतर जिथे तिच्याशी कुणी बोलणार नाही, जिथे तिला दुकानात जायचं तर आधी रेडिओ ऐकावा लागेल, अशा गावात तिला आणू का? मी मोठी आहे, मी गप्प राहू शकते. नऊ वर्षांच्या मुलीला ते शिकवायचं नाही.

वर्गाचं मला वाईट वाटतं. लुसेतने परवा विचारलं, “बाई, तुम्ही पुढच्या वर्षी आहात ना?” मी फळा पुसत राहिले.

आकोफा


हॅलिफॅक्स, ९ फेब्रुवारी

प्रिय आकोफा,

तुझं पत्र वाचलं. समजावून सांगणारं उत्तर लिहायला घेतलं आणि फाडलं. बेल-आन्सच्या लोकांना मी आयुष्यभर समजावून सांगितलं आहे, आणि समजावून कुणाचं तोंड उघडत नाही. तुला एकच सांगते. ते तुला टाळत नाहीत, ते तुला घाबरतात. का घाबरतात ते त्यांच्याच तोंडून ऐक.

ईस्टरआधीच्या उपासाच्या मध्यावर आमच्याकडे मी-कारेम येतो. त्या आठवड्यात माणसं सोंगं घेऊन घरोघर फिरतात. मुखवटा, हातमोजे, पोटाला उशी, बाई पुरुषाच्या कपड्यांत आणि पुरुष बाईच्या. आवाजही बदलतात. घरमालकाने ओळखायचं. ओळखलं की मुखवटा काढायचा, बसायचं, खायचं. ओळखल्याशिवाय मुखवटा काढायचा नाही. आणि मुखवट्याला काहीही विचारता येतं, त्याचा राग धरायचा नाही. हा नियम माझ्या आजीच्या आजीपासूनचा आहे.

सोंगं सगळीकडे जात नाहीत. जे घर सोंगांना ‘घेतं’ तिथेच जातात. माझं घर नेहमी घेतं. त्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी पुढच्या दारावरचा दिवा लाव, स्वयंपाकघरातल्या खुर्च्या भिंतीला लाव, आणि टेबलावर काहीतरी असं ठेव की ज्याचा वास मुखवट्याच्या आत जाईल. मग बस.

मार्चअखेर तुला जे ठरवायचं ते ठरव. मी त्याबद्दल विचारणार नाही. पण गुरुवारच्या आधी ठरवू नकोस.

देलिमा

ता. क. तू दुकानाबद्दल लिहिलंस. इथे जेवणाच्या टेबलावर माझी नात मेगन मला काहीतरी सांगते. मला ऐकू येत नाही म्हणून ती कागदावर लिहून देते. लिहून देते तेही इंग्रजीत. तेव्हा घंटेनंतरचं गप्प बसणं म्हणजे काय ते मला माहीत आहे.


हॅलिफॅक्स, ९ फेब्रुवारी

प्लासीद,

तुझं पत्र मोठ्याने वाचलं होतं. मला ऐकू आलं नाही, पण कळलं.

यंदा माझं घर घेतं आहे. मी-कारेमच्या गुरुवारी. आन्सेल्मला ने, झेलीला ने. मी सांगितलं असं कुणाला सांगू नकोस. आणि नाताळात पाई ठेवून पळालात म्हणे. तुम्हाला कुणी शिकवलं असं? मी तर नाही.

देलिमा


बेल-आन्स, १७ मार्च

प्रिय देलिमामावशी,

इथे सगळे तुम्हाला मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

गुरुवारी दिवा लावला, खुर्च्या भिंतीला लावल्या. तुम्ही वासाचं म्हणाला होता, तेव्हा मी बोतोक्वँ तळले. आमच्याकडे चौकात विकतात ते, आंबवलेल्या पिठाचे गोड गोळे. जायफळ घातलं. मग बसले.

सूर्य मावळल्यावर दार न वाजवताच उघडलं आणि सोंगं आत आली. सगळ्यांत पुढे एक नन, पोटुशी, हातात लॉबस्टरचे जाड मोजे. तिच्यामागे पडदा घेतलेली नवरी, खांदे दारात मावेनात असे. मग पिवळ्या रेनकोटातलं, घोड्याचं तोंड लावलेलं कुणीतरी. मागे अजून काही. रांगेने भिंतीपाशी बसली. किटली तेवढी वाजत होती.

मी ओळखायला लागले आणि मला कुणीच ओळखता येईना. मावशी, मी या लोकांना सहा महिने रोज बघते, पण बघते ते कोटात आणि टोपीत. आणि ऐकते ते इंग्रजीत, आणि इंग्रजीत सगळे सारखेच बोलतात, पावसाबद्दल. मी एक नाव घेतलं, ननने मान हलवली. दुसरं घेतलं, घोड्याने मान हलवली. तिसरं नाव मला आठवेना. टेबलावर बोतोक्वँ निवत होते. ननचं तोंड सारखं तिकडे वळत होतं. मुखवट्याच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता. मला वाटलं, आता ही माणसं उठून जातील, जशी आली तशी, आणि मी मोंक्टनला पत्र लिहीन.

मग तुमचा नियम आठवला. मी फ्रेंचमध्ये विचारलं, माझ्या नेहमीच्या फ्रेंचमध्ये, दुसरी मला येत नाही. “मुखवट्याला विचारते. या गावातल्या लोकांना माझं बोलणं आवडत नाही का?”

घोड्याने ननला कोपराने ढोसलं. मग नन श्वास आत ओढून, बारीक आवाजात म्हणाली, “आवडतं, बाई. लई आवडतं. म्हणून तर तोंड उघडत नाही.”

“म्हणजे?”

“तुम्ही बोलता रेडिओसारख्या. आमचं म्हणजे बंदरावरचं. तुमच्यापुढे आमचं तोंड उघडलं तर मासळीचा वास यायचा.”

मी म्हटलं, “पण तुमचं ऐकलंय कुठे मी? तुम्ही तर घरी इंग्रजी बोलता.”

तेव्हा मावशी, सगळ्या भिंतीला हसू फुटलं. घोडा पुढे वाकला. नवरीने पडद्यात तोंड खुपसलं. आणि नन आवाज बदलायचा विसरली. “घरी? इंग्रजी? अहो बाई, आमची म्हातारी इंग्रजीत ओरडली तर आमच्या घरचं मांजरसुद्धा कान हलवायचं नाही!” आणि त्या जाड मोज्याने मांडीवर थाप मारली.

मी उभी राहिले. ते वाक्य, ती चाल, ती थाप मी रोज वर्गात बघते. मी म्हटलं, “तुम्ही लुसेतचे बाबा.”

प्लासीदने मुखवटा काढला आणि दुसऱ्या हाताने दोन बोतोक्वँ उचलले. तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, “ओळखलं एकदाचं! उकडून मेलो असतो. बघता काय रे, बोला! बोलल्याशिवाय खायला मिळायचं नाही!”

मग सगळ्यांना बोलणं भाग पडलं. आणि बोलले की मला ओळखू येत होते. त्यांची मुलं माझ्यापाशी आहेत ना. घोड्याला विचारलं, “थंडी वाजते का?” घोड्याने “हो” म्हटलं, पण श्वास सोडून नाही, आत ओढून, दचकल्यासारखं. माझ्या वर्गात दोन जुळे भाऊ तसंच ‘हो’ म्हणतात. मी म्हटलं, “झेलीबाई.” ती घोड्याचं तोंड काढून म्हणाली, “अगं बया, माझी कार्टी वर्गात तसं बोलतात? आणि तुम्ही बोलू देता?” मी म्हटलं, “मी का थांबवू? मला वाटायचं ते आजीकडून शिकलेत.” ती म्हणाली, “आजी कसली, माझ्याकडूनच!” आणि रडायला लागली, आणि खायला लागली.

मीही सांगितलं. बाजारातल्या बायका, साहेबीण, भाव, सगळं. की मी तुमच्या अंगणात साहेबीण होऊ नये म्हणून इंग्रजी बोलत होते. प्लासीद म्हणाला, “म्हणजे तुम्ही आमच्यासाठी इंग्रजी बोललात, आणि आम्ही तुमच्यासाठी! दोघांनाही येत नाही ती!” झेली म्हणाली, “तुझी तर फारच वाईट आहे रे.” “आणि तुझी? पर्यटकांनी चर्च विचारलं तर तू त्यांना बंदरावर पाठवतेस!”

शेवटी नवरी राहिली. शाळेत तिचं मूल नव्हतं, मला काही ओळखू येईना. सगळे तिच्याकडे बघत होते. ताटलीत थोडेच उरले होते. ती पडद्यातून, हळू, स्वतःच्या आवाजात म्हणाली, “बाई, सप्टेंबरात मी तुम्हाला एक विचारलं होतं. तुम्ही इतकं छान उत्तर दिलंत की मी पळून गेलो.”

मी म्हटलं, “आन्सेल्म, मिठाचं लोणी हवं होतं मला.”

फार हसले सगळे. तो हसला नाही. पडदा मागे टाकून बसला, आणि त्याने खाल्लं, आणि विचारलं, यात काय घालतात. जायफळ, मी म्हटलं. त्यांच्या बोलीत जायफळाला वेगळंच काही म्हणतात. तो शब्द त्याने मला दिला.

त्यांचं बोलणं मला निम्मंच कळलं. हे तुम्हाला सांगायला हवं. पण आमच्या क्पालिमेच्या बाजारातही नव्या माणसाला पहिल्यांदा सगळं कळत नाही. जाताना प्लासीद दारात थांबून म्हणाला, “उद्या सुएत आहे. गाडी बाहेर काढू नकोस.” मला ‘तू’ म्हणाला. बहुधा त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

आकोफा


बेल-आन्स, २४ मार्च

मावशी,

मोठ्याने वाच. बाई राहणार का? आता त्या रोज बोलतात, आम्ही बोलतो, आन्सेल्म तर गिऱ्हाईक खोळंबलं तरी थांबत नाही. पण हे विचारायला माझी जीभ वळत नाही. तुला काही लिहिलंय का?

प्लासीद


हॅलिफॅक्स, २८ मार्च

प्लासीद,

मला कशाला विचारतोस? दोन घरांच्या मधे एक रस्ता आहे. ओलांड.

देलिमा


बेल-आन्स, ३१ मार्च

प्रिय देलिमामावशी,

काल प्लासीद आला. हातात बादली, बादलीत शिंपले. बसला, उठला, हवामानाबद्दल बोलला, तेही दोनदा. शेवटी मीच म्हटलं, “विचार.”

“राहतेस का?”

“उन्हाळ्यात सेनामला विमानतळावरून कोण आणणार?”

“मी,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “हे उत्तर झालं का?”

मी म्हटलं, झालं. तो शिंपले टेबलावर ठेवून बाहेर गेला आणि रस्त्यातच कुणालातरी ओरडून सांगायला लागला. मोंक्टनला मी सकाळीच कळवलं होतं, त्यांचे आभार मानून.

एक तुम्हाला विचारायचं आहे, आणि मला ताकाला जाऊन भांडं लपवता येत नाही. कंबरेचं हाड बसलं की येते, असं तुम्ही ऑगस्टमध्ये लिहिलं होतं. त्यानंतरच्या पत्रांत ते वाक्य नाही. तुम्हाला जिना चढवत नसेल तर खालची खोली आहे. तिथे ऊन येतं. चौकटही मी तिथल्या खिडकीत हलवू शकते, तुम्ही परवानगी दिलीत तर. मी आणि सेनाम वर राहू. आम्हाला ओरडून बोलायची सवय होईल.

आकोफा


हॅलिफॅक्स, १२ एप्रिल

प्रिय आकोफा,

हाड बसलेलं नाही. डॉक्टर म्हणतात काठी घेऊन चालेन, एकटी राहायचं नाही. मुलीने घर विकायचं बोलणं सुरू केलं होतं. तिचं चुकलं नाही, मीच गप्प होते. तुझं पत्र मी तिच्यासमोर ठेवलं. तिला ते वाचायला वेळ लागला. मधल्या काही शब्दांचा अर्थ तिने मला विचारला. मग म्हणाली, उन्हाळ्यानंतर शाळा सुरू झाली की मी तुला सोडून येईन. आणि मेगन सुट्टीत तुझ्याकडे राहील, तिला हवं असेल तर.

चौकट हलव. उजव्या बाजूने धर, डावा पाय ढिला आहे.

देलिमा


बेल-आन्स, २३ ऑगस्ट

प्रिय देलिमामावशी,

सेनाम आली. प्लासीदने तिला विमानतळावरून आणलं. वाटेत त्याने काय काय सांगितलं कुणास ठाऊक. उतरल्याबरोबर तिने मला विचारलं की पाद्रीबाबांचं गाडीचं दार खरंच दफनभूमीत सापडलं का. माझ्या गळ्यात पडायच्या आधी हे विचारलं. मग पडली.

वर्गाच्या यादीत या वर्षी तीन नवी मुलं आहेत. त्यातली दोन डोंगरापलीकडच्या शाळेतून परत आली. तिथली बस झेलीची बहीण चालवते. तिने झेलीला सांगितलं, “तुझी बस भरतेय, माझी रिकामी होतेय, हे बरं नाही.” झेली म्हणाली, “मग तूही ये.”

काल सेनामला घेऊन सहकारी दुकानात गेले. गर्दी होती. आन्सेल्मने गल्ल्यावरून वाकून तिला विचारलं, फ्रेंचमध्ये, लाल न होता, “कुणाची गं तू?”

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला तिच्या बाबांचं नाव सांगावं की आजोबांचं, ते कळेना. मी तोंड उघडलं, पण मागे रांगेत प्लासीद उभा होता, डब्यांचा ढीग घेऊन. तो म्हणाला, “डोळे आहेत का तुला? ही देलिमाच्या आकोफाची सेनाम.”

“मग आधी नाही का सांगायचं?” आन्सेल्म म्हणाला, आणि त्याने तिला बरणीतली गोळी दिली. रांगेतल्या कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही. एका म्हातारीने मान डोलावली, म्हणाली, “हो, नाक देलिमाचंच आहे.”

मी शिक्षिका आहे. चूक ऐकली की दुरुस्त करायची सवय आहे. काल केली नाही. तुमची हरकत असेल तर कळवा.

खालची खोली तयार आहे.

आकोफा


हॅलिफॅक्स, २९ ऑगस्ट

प्रिय आकोफा,

हरकत आहे. प्लासीदने नाव अर्धवट सांगितलं. माझी आई कुठे गेली?

फ्लावीच्या देलिमाच्या आकोफाची सेनाम. पोरीकडून पाठ करून घे. शनिवारी मी येते आहे. दारातच विचारीन, आणि मला ऐकू येत नाही, तेव्हा तिला मोठ्याने सांगायला सांग.

देलिमा